सक्तीचे रंग

ज्यांना पांढऱ्या पडद्यावरचं फिकट करडं अक्षर सहज वाचता येतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांना ते वाचता येत नाही, त्यांना यातलं बहुतेक सगळं अनुभवानं ठाऊक आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेले लोक इथूनच परत फिरू शकतील. पडद्यावरच्या अक्षराचा आणि त्याच्या मागच्या पार्श्वभूमीचा रंग कोणता असावा, यावर शेवटचा शब्द वाचणाऱ्याचा असला पाहिजे. पान बनवणाऱ्यानं आपली आवड खुशाल सुचवावी. पण वाचणाऱ्यानं एकदा संगणकाला सांगितलं, की "बाबा रे, मला हे दिसत नाही, माझे रंग मी लावतो", की विषय तिथे संपायला हवा. तो संपत नाही, ही माझी तक्रार.

हे संगणकाला सांगण्याची सोय काही नवी नाही. विंडोज ९५ पासून, म्हणजे १९९५ पासून, विंडोजमध्ये 'हाय कॉन्ट्रास्ट' नावाची व्यवस्था आहे. (कॉन्ट्रास्टला मराठीत काय म्हणावं? 'रंगभेद' म्हणायची तर सोय नाही! आपण 'उठाव' म्हणू. अक्षराला उठाव आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.) ही व्यवस्था चालू केली की पानावरच्या शेकडो छटा बाजूला पडतात आणि मोजके पाच-सहा रंग उरतात. पार्श्वभूमीचा एक, मजकुराचा एक, दुव्यांचा एक, निवडलेल्या मजकुराचा एक, असे. ते तुमचे तुम्ही ठरवायचे. काळ्यावर पांढरं, काळ्यावर पिवळं, पांढऱ्यावर काळं, गडद निळ्यावर फिकट पिवळं... ज्याच्या डोळ्याला जे मानवेल ते.

इथे निवड महत्त्वाची आहे, कारण डोळे एकसारखे बिघडत नाहीत. ज्याला मोतीबिंदू आहे त्याच्या डोळ्यात पांढऱ्या पडद्याचा उजेड विखुरतो आणि सगळ्यावर धुकं पसरतं. त्याला काळी पार्श्वभूमी बरी पडते. ज्याला ॲस्टिग्मॅटिझम आहे त्याला बरेचदा उलटं, काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. दोघांना एकच औषध चालत नाही. विंडोज ११ मध्ये (२०२१) या सोयीचं नाव बदलून 'कॉन्ट्रास्ट थीम्स' केलं, ते मला म्हणूनच जास्त योग्य वाटतं.

आणि खरं सांगायचं तर आपल्याला यात नवल वाटावं असं आहे तरी काय? तुमच्या-माझ्या पिढीनं मुळाक्षरं गिरवली ती काळ्या पाटीवर. गणितं शिकलो ती काळ्या फळ्यावर, पांढऱ्या खडूनं. रेल्वे स्टेशनची पाटी पिवळ्यावर काळी असते. गाडी न थांबता धडधडत निघून गेली तरी खिडकीतून 'मनमाड' वाचता येतं ते त्यामुळे. त्या पाट्या रंगवणाऱ्यांना कुणी डिझाईनची पदवी दिली नव्हती. अक्षर दिसलं पाहिजे, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

आता 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगतो. मला दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. थेंबांनी तो थोपून राहिलाय, पण जे गेलं ते परत येत नाही. गंमत अशी की डॉक्टरांच्या तक्त्यावरच्या खालच्या ओळी मी चष्मा लावून अजून वाचतो. तो स्नेलेनचा तक्ता, १८६२ सालचा. स्वच्छ पांढऱ्यावर ठसठशीत काळी अक्षरं, फक्त आकार लहान लहान होत जाणारी. तो आकाराची परीक्षा घेतो. उठावाची परीक्षा घेणारा तक्ता वेगळा आहे, पेली आणि रॉबसन यांनी १९८८ मध्ये आणलेला. त्यात सगळी अक्षरं एकाच मापाची, मोठ्ठी, पण तीन-तीनच्या गटानं फिकी होत जातात, शेवटी कागदात विरघळून जातात. स्नेलेनच्या तक्त्यावर चांगले मार्क मिळवणारा माणूस या दुसऱ्या तक्त्यावर नापास होऊ शकतो. मी होतो. काचबिंदू, मधुमेहानं बिघडलेला पडदा, मोतीबिंदू, आणि या कशाचंच नाव घेता येणार नाही असं साधं वय, या सगळ्यांत उठाव ओळखण्याची ताकद कमी होते, आणि कित्येकदा अक्षरं लहान वाटायला लागण्याच्या आधी.

आपल्या कायद्यालासुद्धा हे पुरतं कळलेलं नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातली अल्पदृष्टीची व्याख्या दोनच गोष्टी मोजते. एक, चष्मा लावून चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ च्या खाली आहे का, आणि दोन, नजरेचा आवाका ४० अंशांपेक्षा कमी झालाय का. उठावाचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे माझ्यासारखे असंख्य लोक कागदोपत्री धडधाकट असतात. आमच्याकडे प्रमाणपत्र नसतं, सवलत नसते. असते फक्त संगणकाच्या सेटिंगमधली ही एक सोय. म्हणून ती कुणी निकामी केली की राग येतो.

निकामी कशी करतात ते सांगतो. एका विमा कंपनीच्या संकेतस्थळावर मी आरोग्यविम्याचं नूतनीकरण करायला बसलो होतो. माझ्या पडद्यावर काळ्यावर पिवळी अक्षरं होती, जी मला उत्तम दिसतात. प्रश्न आला, 'तुम्हाला मधुमेह आहे का?' खाली दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'. मी एकावर टिचकी मारली. काहीच बदललं नाही. दुसऱ्यावर मारली. तरीही काही नाही. दोन्ही चौकोन तसेच्या तसे. झालं असं होतं, की कुठलं उत्तर निवडलंय हे त्या पानानं फक्त मागच्या रंगातून दाखवलं होतं. निवडलेलं निळं, न निवडलेलं पांढरं. माझ्या सेटिंगनं मागचे रंग पुसले आणि त्याबरोबर माझं उत्तरही पुसलं गेलं! असे सतरा-अठरा प्रश्न होते. शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र. त्याच्या बाजूचा चौकोनही तसाच, भरलाय की रिकामा ते कळायला मार्ग नाही.

हा केवळ गैरसोयीचा मामला नाही. विम्याच्या अर्जात एक उत्तर चुकलं तर उद्या दवाखान्यात ॲडमिट असताना "तुम्ही माहिती लपवलीत" म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. मग माझ्यासमोर पर्याय दोन. आपली सेटिंग बंद करून डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत त्या पांढऱ्या झगझगाटात बसायचं, नाहीतर शेजारच्या मुलाला बोलावून "बघ रे, मी मधुमेहाला काय म्हटलंय" असं विचारायचं. माझा आजार, माझं उत्पन्न, माझ्या वारसाचं नाव, सगळं त्याच्यासमोर. ज्याला आपण स्वावलंबन म्हणतो ते एका निळ्या रंगापायी असं जातं.

दुरुस्ती काय होती? अगदी किरकोळ. निवडलेल्या उत्तरापाशी बरोबरची खूण दाखवायची, किंवा ब्राउझर फुकटात देतो तो साधा गोल वापरायचा. तो गोल प्रत्येक सेटिंगमध्ये दिसतो, कारण त्याचे रंग पानाच्या नव्हे, वाचणाऱ्याच्या ताब्यात असतात. बटणाला कडा द्यायची. कडा नजरेत येऊ नये असं वाटत असेल तर ती पारदर्शक ठेवायची. वाचणाऱ्यानं स्वतःचे रंग लावले की ब्राउझर ती पारदर्शक कडासुद्धा रंगवून दाखवतो. चित्रखुणांना पक्का काळा रंग न देता आजूबाजूच्या मजकुराचा रंग घ्यायला सांगायचं, नाहीतर काळ्यावर काळी खूण, मग शोधा! यातलं काहीही अवघड नाही. ज्याला पान बांधता येतं त्याला हे येतं.

मग का होत नाही? माझ्या मते कारण तांत्रिक नाही. पान बनवणाऱ्याला ते आपलं चित्र वाटतं. चित्राच्या रंगात प्रेक्षकानं ढवळाढवळ करू नये ही चित्रकाराची अपेक्षा रास्त आहे. पण विम्याचा अर्ज हे चित्र नाही. ते खिडकीवरचं काम आहे. खिडकीवर गिऱ्हाईकाला ऐकू येत नसेल तर आपण मोठ्यानं बोलतो. "माझा आवाज मुळात असाच मृदू आहे" असं सांगत नाही.

हा दृष्टिकोन एका नावातही उतरलाय. वाचणाऱ्यानं स्वतःचे रंग लावलेत का हे पानाला कळावं म्हणून वेबच्या भाषेत एक प्रमाणित सोय केलेली आहे. तिचं नाव 'फोर्स्ड कलर्स'. सक्तीचे रंग! तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे, पानावर ते लादलेच जातात. पण नाव कुणाच्या खुर्चीतून दिलंय बघा. मी माझ्या डोळ्यांसाठी, माझ्या पैशानं घेतलेल्या संगणकावर, माझ्या मर्जीनं निवडलेले रंग, आणि ते म्हणे सक्तीचे. मग पांढऱ्यावरचा तो फिकट करडा, जो मी कधीही मागितला नव्हता, तो काय स्वेच्छेचा?

त्या करड्याबद्दल थोडं. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं डिसेंबर २००८ मध्ये सुलभतेचे जे निकष प्रसिद्ध केले, त्यात उठावाला आकडा दिला आहे. पांढऱ्यावर शुद्ध काळं म्हणजे २१:१. साध्या मजकुराला किमान ४.५:१ हवं, मोठ्या अक्षरांना ३:१ चालेल. आणखी कडक पायरी ७:१ ची. हा साडेचारचा आकडा कुणाच्या मनात आला म्हणून आला नाही. साधारण ऐंशीच्या घरातल्या माणसाची नजर हिशेबात धरून तो काढलाय. आता लाल, हिरवा, निळा तिन्ही ११९ वर ठेवले की जो करडा होतो, त्याचं पांढऱ्यावरचं प्रमाण ४.४८ भरतं. नापास. ११८ वर ठेवले की ४.५४. पास. १५३ चा करडा, जो तारखांना, तळटिपांना आणि 'अटी लागू' ला हमखास वापरतात, तो २.८५ वर कोसळतो. 'अटी लागू' नेमकं फिकट का असतं, यावर मी काही बोलत नाही, तुम्ही सुज्ञ आहात.

हे निकष कोण पाळतं? वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं तपासते. २०२४ मध्ये त्यांतल्या सुमारे ८१ टक्के पानांवर अपुऱ्या उठावाचा मजकूर सापडला. सगळ्या प्रकारच्या चुकांत ही चूक पहिल्या नंबरावर होती. म्हणजे ही कुणा एका आळशी माणसाची चूक नाही, ही पद्धत आहे.

आणि मराठी वाचणाऱ्याला ही पद्धत जरा जास्तच छळते. 'मोठं अक्षर' म्हणजे किती, हे सांगताना त्या निकषांत चिनी, जपानी आणि कोरियन लिपींची वेगळी आठवण ठेवली आहे, देवनागरीची नाही. आपला अनुस्वार म्हणजे एक टिंब. रफार म्हणजे एक कोयरी. उकार अक्षराच्या पायाशी. फिकट रंग, बारीक फॉन्ट आणि लहान आकार एकत्र आले की आधी हेच गळतात. 'भाडे' आणि 'भांडे' यांत फरक तेवढ्या एका टिंबाचा आहे. इंग्रजीत अक्षर फिकं झालं तर शब्द अंदाजानं लागतो. आपल्याकडे फिकेपणानं शब्दच बदलतो.

आता नेहमीची उत्तरं घेऊ.

पहिलं उत्तर, "आम्ही सोय दिलीय की!" खरंय. सरकारी संकेतस्थळं उघडा, वरच्या कोपऱ्यात लहान-मोठ्या 'अ' च्या जोडीला काळ्या-पांढऱ्या चौकोनाचं बटण असतं. ते दाबलं की पान काळं होतं. हेतू चांगला आहे, पण ज्याला दिसत नाही त्यानं आधी ते इवलंसं बटण शोधायचं. शिवाय ते त्या एका संकेतस्थळापुरतं. बँकेचं वेगळं, विजेचं वेगळं, रेल्वेचं वेगळं. मी माझ्या संगणकाला एकदा सांगितलेलं असताना प्रत्येक दारात पुन्हा का सांगायचं? आणि बटण दाबल्यावरही वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारं ते कॅप्चाचं चित्र तसंच राहतं, चित्र म्हणून चिकटवलेली सूचना तशीच राहते. कारण चित्रातल्या अक्षरांचा रंग अशी सेटिंग बदलू शकत नाही. खाजगी कंपन्यांनी तर यावर कडी केली. पानावर एक तयार पट्टी डकवायची, की झालं पान सर्वांसाठी सुलभ! असा दावा करून पट्टी विकणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. माझं साधं म्हणणं आहे, मला नवं बटण देऊ नका. मी आधीच दाबलेलं बटण चालू द्या.

दुसरं उत्तर, "डार्क मोड वापरा ना!" डार्क मोड ही वेगळी गोष्ट आहे. तिथेही रंग पान बनवणाराच ठरवतो, आणि पुष्कळदा गडद करड्यावर मध्यम करडं लिहून ठेवतो. दिसायला रुबाबदार, वाचायला तितकंच कठीण. पण डार्क मोडनं एक गोष्ट सिद्ध केली, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. मॅकवर तो २०१८ मध्ये आला, आयफोन आणि अँड्रॉइडवर २०१९ मध्ये, आणि बघता बघता प्रत्येक ॲपनं आपापले रंग दुसऱ्यांदा बसवले. कुणी खर्चाची अडचण सांगितली नाही. कुणी "आमच्या ब्रँडचे रंग बिघडतील" म्हटलं नाही. फॅशन होती ना! १९९५ पासून दारात उभी असलेली गरज मात्र अजून उभीच आहे.

तिसरं उत्तर, "असे लोक असतात किती?" हा प्रश्न विचारणाऱ्याला मी एवढंच म्हणतो, की भर दुपारी रस्त्यावर उभं राहून फोनवर ओटीपी वाचून दाखवा. हाताची सावली धरून डोळे बारीक कराल, तेव्हा तुम्ही आमच्यात आलात. तुम्ही सावलीत गेलात की परत जाल. तुमचे आई-वडील परत जाणार नाहीत. पेन्शनचा हयातीचा दाखला, बँकेचं केवायसी, दवाखान्याची वेळ, सगळं त्यांना याच पडद्यावर करायला लावतोय आपण. खिडक्या बंद करून सगळं पडद्यावर आणलं, तर पडदा दिसण्याची जबाबदारी कुणाची?

न्यायालयानं याचं उत्तर दिलेलं आहे. २०१७ च्या नियमांतले सुलभतेचे निकष नुसते शिफारशीसारखे आहेत, कायद्याला ते बंधनकारक हवे होते, असं सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं आणि सक्तीचे निकष आखायला केंद्र सरकारला तीन महिने दिले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी, ई-केवायसीच्या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. त्या खटल्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्ती अर्जदार होत्या. पापण्या मिटून-उघडून दाखवा असं सांगणारं यंत्र त्यांना जिवंत मानायला तयार नव्हतं. माझा 'हो' आणि 'नाही' चा चौकोन त्यापुढे क्षुल्लक आहे, मान्य. पण मुळातली वृत्ती एकच आहे: माणूस यंत्राच्या साच्यात बसला तर ठीक, नाहीतर माणूस चुकीचा.

सक्ती हा शब्द आलाच आहे तर तो योग्य जागी लावू. सक्ती माझ्या रंगांची नको, पान बनवणाऱ्यांवर हवी. विमा, बँक, वीज, शिक्षण, सरकार यांच्या प्रत्येक संकेतस्थळाची, वाचणाऱ्याचे रंग लावून तपासणी झाल्याशिवाय ते लोकांसमोर येऊ नये. कागदावरची तपासणी नव्हे, अर्ज पहिल्या प्रश्नापासून पावतीपर्यंत भरून. आणि तपासणाऱ्यांत ज्यांना खरोखर गरज आहे अशी माणसं असावीत, मेहनताना देऊन.

तोवर, संकेतस्थळं बनवणाऱ्या मित्रांना एक काम सांगतो. विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये जा, तिथे ॲक्सेसिबिलिटी, त्यात कॉन्ट्रास्ट थीम्स. कुठलीही एक निवडा आणि लावा. मग तुम्हीच बनवलेल्या पानावर जाऊन एक अर्ज पूर्ण भरा. मधेच सेटिंग काढायची नाही, आठवणीनं बटण कुठे आहे ते दाबायचं नाही, जे दिसेल तेवढ्यावरच जायचं. पावती हातात आली तर उत्तम. नाही आली, तर कुठे अडलात ते लिहून ठेवा आणि सोमवारी ऑफिसात गेल्यावर त्या यादीतलं पहिलं काम उरका.